रूट कॅनल : एका दाढेमागची माणसं

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



एकदंताच्या उत्सवात दातांवर बोला, असं कार्यकारिणीने सांगितलं तेव्हा आम्हाला थोडं हसू आलं. बाप्पांचं एका दातावर भागतं, आपलं भागत नाही. त्यात आपण इंदूरचे. सकाळी पोह्यांवर शेव लागते, रात्री सराफ्यात एक चक्कर लागते, आणि दिवाळीची चकली कडक झाली नाही तर सासूबाई सुनेकडे बघतात. दात हवेतच.

आधी आमची ओळख. आम्ही डॉक्टर नाही. राज्य सरकारच्या नोकरीत, दातांच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये डेंटल मेकॅनिक आहोत. दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि त्यानंतर वीसेक वर्षं प्लास्टर, मेण आणि भट्टी. दातांच्या डॉक्टरांसाठी १९४८ साली जो कायदा झाला, त्यात डेंटल मेकॅनिकचीही नोंदणी सांगितली आहे. पण पेशंटच्या तोंडात हात घालण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि तो नसावाच. त्यामुळे आज जे सांगणार आहोत तो इलाज नव्हे. डॉक्टरांच्या शेजारी बसून जे रोज बघतो, तेवढंच सांगतो.

आमच्या लॅबमध्ये एक लोखंडी कपाट आहे. तयार झालेल्या कॅप त्यात ठेवतो. प्रत्येक कॅप तिच्या प्लास्टरच्या मॉडेलवर बसवलेली, खाली चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, पर्चीचा नंबर आणि तारीख. त्या कपाटाचा खालचा कप्पा न्यायला कोणी न आलेल्या कॅपचा आहे. माप दिलं, कॅप तयार झाली, फोनही गेला, पण माणूस आला नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. दाढ दुखायची थांबली, तसं येणंही थांबलं. तो कप्पा बघून वाटलं की रूट कॅनल म्हणजे काय, त्यात कोणकोणते डॉक्टर लागतात आणि कोणाकडे कधी जायचं, हे आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगावं.

दाताचं वरचं पांढरं कवच हे आपल्या शरीरातलं सगळ्यात कठीण द्रव्य. त्याच्या आत पिवळसर थर, आणि त्याच्याही आत पोकळी. त्या पोकळीत असतं त्याला आपण ‘नस’ म्हणतो. खरं म्हणजे ती एक नस नसते. बारीक रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ मांस मिळून झालेला तो गर असतो. मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीकशा छिद्रातून तो जबड्याशी जोडलेला असतो. कीड गरापर्यंत पोहोचली की गर सुजतो. हाताला सूज आली तर हात फुगतो. इथे चारी बाजूंनी भिंत, फुगायला जागा नाही. म्हणून तो ठणका. रात्री आडवं झालं की आणखी वाढतो.

मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो. घरात सगळे म्हणतात, ‘बरं झालं बाई, सुटली.’ पण पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की गर मेला. मेलेल्या गरात जंतूंना रान मोकळं. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडतात आणि हाडाशी पू धरतो. मेडिकलवरून आणलेल्या अँटिबायोटिकने तो मूळ रोग जात नाही, कारण गोळीचं औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नळीत रक्तच पोहोचत नाही. लवंगेच्या तेलाने घटकाभर आराम पडतो, इलाज होत नाही. आणि हिरडीवर डोकेदुखीची गोळी दाबून धरणारे अजून भेटतात. त्याने हिरडी भाजते, कृपा करून करू नका.

रूट कॅनल म्हणजे हा खराब झालेला गर काढणं, आतल्या नळ्या धुऊन स्वच्छ करणं आणि त्या भरून बंद करणं. जागा बधिर करून दातावर रबराचा पातळ पडदा लावतात, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि सुई घशात पडत नाही. हा पडदा १८६४ सालापासून चालत आलेला आहे. मग बारीक सुयांनी नळ्या साफ करतात, औषधी पाण्याने धुतात, एक्स-रे काढून लांबी बघतात, आणि शेवटी गटापर्चा नावाच्या पदार्थाने नळी भरतात. हा गटापर्चा मलायाकडच्या झाडांचा चीक. एके काळी समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलला त्याचंच आवरण असे.

आता मुख्य प्रश्न. हे कोणाकडून करून घ्यायचं?

दातांचे डॉक्टर म्हणजे बी.डी.एस. चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. रूट कॅनल त्यांच्या शिक्षणात असतंच. समोरचा दात, सरळ मूळ, एक नळी, असं काम आपले नेहमीचे डॉक्टर चांगलं करतात. दर वेळी मोठ्या नावाच्या मागे धावायची गरज नाही.

त्यापुढे तीन वर्षांचं एम.डी.एस. त्याच्या नऊ शाखा आहेत. पुष्कळ जण बोर्डावर ‘एम.डी.एस.’ वाचतात आणि निर्धास्त होतात. तारा लावून दात सरळ करणारे डॉक्टरही एम.डी.एस. असतात, हिरड्यांचे असतात, जबड्याची शस्त्रक्रिया करणारेही असतात. रूट कॅनलची शाखा म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एन्डोडॉन्टिक्स. त्या डॉक्टरांना एन्डोडॉन्टिस्ट म्हणतात. अमेरिकेत या विद्येला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता १९६३ साली मिळाली. तेव्हा एम.डी.एस. आहेत का, याच्यापुढे एक शब्द विचारायचा, ‘कशात?’ यात कोणाचा अपमान नाही.

स्पेशालिस्ट कशासाठी लागतो, ते दाढेच्या आत बघितलं की कळतं. वरची पहिली मोठी दाढ घ्या. तिला मुळं बहुधा तीन, पण नळ्या पुष्कळदा चार. ती चौथी नळी इतकी बारीक आणि आडोशाला असते की शोधावी लागते. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं बहुधा दोन, नळ्या तीन किंवा चार. त्या नळ्या काही पाण्याच्या नळासारख्या सरळ नसतात. वाकतात, मध्येच एकमेकींना मिळतात. सुरुवातीला घालतात त्या दहा नंबरच्या सुईचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं असतं. तेवढी सुई वाकड्या नळीतून शेवटपर्यंत न्यायची आणि टोकाच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. एक नळी राहून गेली तर तिच्यातले जंतू तिथेच राहतात आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तीच दाढ पुन्हा सुजते. मग आपण म्हणतो, ‘रूट कॅनल केलं तरी उपयोग झाला नाही.’

म्हणून काही वेळा एन्डोडॉन्टिस्टकडे जाणंच शहाणपणाचं. मागची दाढ आणि मुळं फार वाकडी असली तर. आधी झालेलं रूट कॅनल पुन्हा करायचं असेल तर. नळीत सुईचा तुकडा अडकला असेल तर. आणि वय झालेल्या माणसांसाठी. वयाबरोबर दाताच्या आतली पोकळी आपोआप अरुंद होत जाते, कधी नळी सापडतच नाही. अशा वेळी स्पेशालिस्ट सूक्ष्मदर्शकातून बघतात, नळीची लांबी मोजणारं यंत्र लावतात. साध्या एक्स-रेवर समजत नसेल तर मुळं सगळ्या बाजूंनी दाखवणारा स्कॅन मागवतात. तो स्कॅन प्रत्येकाला लागत नाही, अडचणीच्या दाढेला लागतो.

इथे एक गोष्ट जरा आग्रहाने सांगतो. आपले नेहमीचे डॉक्टर दाढ बघून म्हणाले, ‘हे काम स्पेशालिस्टकडून करून घ्या,’ तर घरी येऊन आपण काय म्हणतो? ‘याला येत नाही वाटतं.’ मंडळी, जो डॉक्टर हातातलं काम सोडून तुम्हाला पुढे पाठवतो, तो तुमच्या दाढेचा विचार करतोय. त्याला धरून ठेवा. बऱ्याच क्लिनिकमध्ये ठराविक वारी बाहेरून एन्डोडॉन्टिस्ट येतात. तो वार विचारून घ्या आणि त्या दिवशी जा. आपल्या इंदुरात सरकारी दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत एम.डी.एस. शिकणारे डॉक्टर आपल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हेच काम करतात. तिथे पावती छोटी आणि रांग मोठी, खाजगीत बहुधा उलट. ज्याला जे परवडेल ते त्याने घ्यावं, पण स्पेशालिस्ट फक्त श्रीमंतांसाठी असतो ही समजूत काढून टाका.

एका दाढेसाठी आणखीही डॉक्टर लागतात. रूट कॅनल उत्तम झालं, पण हिरडी आणि हाडच खचलेलं असलं तर दाढ उभी कशावर राहणार? ते हिरड्यांचे डॉक्टर बघतात. सगळं करूनही मुळाच्या टोकाशी पू राहिला तर तिथे छोटी शस्त्रक्रिया करून टोक साफ करतात. लहान मुलांसाठी वेगळे डॉक्टर असतात. दुधाची दाढ पडणारच आहे म्हणून सोडून देऊ नका. ती वेळेआधी गेली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दाढेची जागा जाते. आणि आईबापांसाठी एक गोष्ट. खेळताना मुलाचा समोरचा पक्का दात मुळासकट निघाला तर तो मुळाकडून धरू नका, घासू नका. लगेच जागेवर बसवता आला तर बसवा, नाहीतर दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे पोहोचा.

आता आमचं खातं, म्हणजे कॅप. पोखरलेली दाढ कीड काढताना आणखी पोकळ होते. वरून सिमेंट भरलं की ती धडधाकट दिसते, पण आत भिंती पातळ राहिलेल्या असतात. चावताना सगळ्यात जास्त जोर मागच्या दाढांवर येतो. त्या जोराने भिंत फुटू नये म्हणून कॅप. समोरच्या दाताला ती दर वेळी लागतेच असं नाही, मागच्या दाढेला मात्र बहुधा लागते. हे कृत्रिम दातांच्या डॉक्टरांचं काम, आणि त्यांच्या मागे आम्ही. ते दाढ घासून माप घेतात. मापात आम्ही प्लास्टर ओततो, मॉडेलवर मेणाची दाढ घडवतो, मेण जाळून त्या जागी धातू ओततो, वर दातासारख्या रंगाचे थर देऊन भट्टीत भाजतो. हल्ली झिर्कोनियाच्या कॅप यंत्रावर कोरतात. खालचा दात आणि वरचा दात एकमेकांवर कसे बसतात, ते केसभर चुकलं तरी चालत नाही. सगळ्यात महागडी कॅप सगळ्यांत चांगली असं नसतं. मागच्या दाढेला, जिथे दिसण्याचा प्रश्न नाही, तिथे साध्या धातूची कॅपही वर्षानुवर्षं टिकते.

मघाशी खालचा कप्पा सांगितला. त्यातली एक कॅप एका काकूंची आहे. खालची दाढ, पाच-सहा खेपा घालून रूट कॅनल पूर्ण झालेलं. दिवाळीच्या आधी कॅप तयार होती. फोन केला तर म्हणाल्या, ‘दुखत नाही हो आता. सुनेचं बाळंतपण आहे, ते झालं की येते.’ बाळंतपण झालं, बारसं झालं. संक्रांतीला चिक्की चावताना दाढ उभी चिरली, मुळापर्यंत. अशी चिरलेली दाढ कोणीच सांधू शकत नाही. काढावी लागली. जिने सगळ्या घराचं केलं, तिच्या एका दाढेसाठी घरातल्या कोणाला अर्धा दिवस निघाला नाही. कॅप अजून कपाटात आहे, दाढ नाही.

आपल्या घरांतून हे वारंवार होतं, आणि बहुतेक वेळा आई, आजी, काकू यांच्याच बाबतीत होतं. ‘आता या वयात कशाला, काढून टाका.’ काढणं स्वस्त आणि झटपट असतं, हे खरं. पण काढलेल्या दाढेची जागा रिकामी राहते, समोरची दाढ हळूहळू त्या जागेत उतरते, शेजारच्या कलतात, आणि चावणं एका बाजूला जातं. मग भाकरी कुस्करून, फळं किसून, असं सुरू होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं खाणं कमी झालं की आपण म्हणतो वय झालं. एकदा तोंड उघडून बघा.

काही वेळा काढणं हाच खरा इलाज असतो, हेही सांगितलं पाहिजे. मूळ उभं चिरलेलं असलं, हिरडीवर दात उरलाच नसला, हाड गेलं असलं, तर चांगला स्पेशालिस्ट स्वतःच सांगतो की यात पैसे घालू नका. स्पेशालिस्टचं हेही एक काम आहे. वरची दाढ काढली की डोळे जातात, ही मात्र निव्वळ भीती. दाताच्या नसेचा आणि नजरेचा काही संबंध नाही.

डॉक्टरांना आपले आजार आणि औषधं सांगा. मधुमेह असला तर सांगा, साखर ताब्यात नसली की जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तर सांगा, पण ती आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाची झडप बदलली असली तर आवर्जून सांगा. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून काही आजींना वर्षाचं इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असते, तेही सांगा. त्यांच्यात दाढ काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो, म्हणून शक्य असेल तिथे रूट कॅनल करून दाढ राखणं डॉक्टर पसंत करतात. सामान्य वाटणारी ही माहिती दडवली तर स्पेशालिस्ट तरी काय करणार?

एक इशारा. जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सूज पसरतेय, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वासाला त्रास होतोय, ताप आहे, असं झालं तर उद्याची वाट बघू नका. रात्र असो, विसर्जनाची मिरवणूक असो, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. दाताचा पू गळ्याकडे उतरला तर जिवावर बेततं.

शेवटी, डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न देतो, लिहून घेतले तरी चालेल. पहिला, ही दाढ वाचण्यासारखी आहे का, आणि किती भरवशाने? दुसरा, हे काम तुम्ही करणार की स्पेशालिस्ट करणार? तिसरा, रबराचा पडदा लावणार का? चौथा, रूट कॅनल, वरचं भरणं आणि कॅप धरून एकूण खर्च किती आणि खेपा किती? पाचवा, कॅप किती दिवसांत बसली पाहिजे? चांगले डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाहीत. आणि रस्त्याच्या कडेला ‘पक्के दात’ बसवून देणारे जे असतात, त्यांना पहिलाच प्रश्न विचारा, राज्याच्या दंत परिषदेत तुमची नोंदणी आहे का? पुढचे विचारायची वेळ येणार नाही.

मंडळी, एका दाढेमागे एवढी माणसं उभी असतात. तपासणारे, एक्स-रे काढणारे, नळी साफ करणारे, हिरडी बघणारे, माप घेणारे आणि लॅबमध्ये मेण घडवणारे आम्ही. पण यातला कोणीही तुमच्या घरी येऊन आजींना रिक्षात बसवत नाही. ते काम घरच्यांचं. या सभागृहात ज्यांच्या घरी कोणाचं रूट कॅनल अर्धवट आहे, कोणाची कॅप बाकी आहे, त्यांनी विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात फोन करावा. आणि तारीख मिळाली की त्या दिवशी बरोबर जावं.

 गणपती बाप्पा मोरया!